आजी, हात मागे घ्या

“आजी, तुमचे हात मागे घ्या,” डॉक्टर मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

जळगावच्या त्या दवाखान्यातली खोली लहान होती. मॅडम खाली चटईवर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर माझी भाची जुई, वय दोन वर्षं सात महिने. जुईच्या मागे तिची आजी, म्हणजे माझी आई. भिंतीशी तिचे आईवडील, दादा आणि वहिनी. मी दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर जुईची फाइल घेऊन.

मॅडमनी दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटले होते, टक टक, आणि जुईच्या पुढ्यात ठेवून त्या थांबल्या होत्या. जुईने एक ठोकळा उचलून डोळ्याच्या कोपऱ्याशी नेला आणि त्याची कड बघत बसली. तेवढ्यात आईचे दोन्ही हात मागून आले. त्यांनी जुईची मनगटं धरली आणि ठोकळे आपटून दिले. टक टक. “देखा, करस ना ती!” आई म्हणाली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर आईने हात पाठीमागे बांधले, वर्गात दंगा केल्यावर बसवतात तसे.

मग मॅडमनी टाळी वाजवली. थांबल्या. चटईवर थाप मारली. थांबल्या. स्वतःच्या डोक्यावर प्लास्टिकची वाटी पालथी ठेवली आणि हसत जुईकडे बघत राहिल्या. दुसरं एखादं मूल एवढ्यावर हसलं असतं, नाहीतर वाटी ओढायला गेलं असतं. जुई ठोकळ्याची कड बघत होती. ते थांबणं इतकं लांबलं की उठून तिचे हात धरावेत असं मलाच वाटायला लागलं.

मॅडमनी फाइल मागितली. पानं उलटता उलटता त्या एका जुन्या फॉर्मवर थांबल्या.

“हा कोणी भरला होता?”

“हिनी,” आई माझ्याकडे मान करून म्हणाली. हात अजून मागेच होते. “इंग्लिश मिडियमनी शे ती.” तिच्या आवाजात अभिमान होता.

“टाळ्या वाजवते, हो. टाटा करते, हो. नावाने हाक मारली की बघते, हो,” मॅडम वाचत गेल्या. “हे ती आपलं आपण करत होती, की कोणी करवून घेत होतं?”

वहिनीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

मॅडमनी पुढे आणखी पाऊण तास जुईला खेळवलं आणि आम्हाला प्रश्न विचारले. ती बोट दाखवते का, वस्तू आणून दाखवते का, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघते का. शेवटी त्यांनी नाव सांगितलं. ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मेंदूची वाढच जरा वेगळ्या वाटेने होते. माणसांकडे लक्ष देणं, त्यांचं बघून शिकणं, बोलणं, यात अडचण येते. एकट्या नकलेवरून निदान होत नाही, सगळं मिळून बघावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. औषधाने जाणारा हा आजार नाही. पण मूल शिकतं आणि शिकवायला जितकी लवकर सुरुवात तितकं बरं.

“आम्ही आधी आलो असतो तर?” दादाने विचारलं.

“आज आलात. आजपासून मोजू,” मॅडम म्हणाल्या.

मी मात्र त्या फॉर्मपासून मोजत होते. तेरा महिने.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही आणि घरातलं बाहेर सांगायची मला सवय नाही. तरी लिहिते आहे, कारण तसा फॉर्म आज कुणाच्या तरी हातात असेल आणि शेजारी एक हौशी आजी बसलेली असेल.

आम्ही धुळ्यात राहतो. दादा शेतीच्या औषधांच्या कंपनीत आहे, महिन्याचे वीस दिवस तालुक्यांत फिरतो. वहिनी पिंपळनेरची, कमी बोलणारी. मी घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. आणि आई. आईचे हात रिकामे राहू शकत नाहीत. ती बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण लावते. पाहुण्याच्या ताटातली भाकरी ती स्वतः कुस्करून देते. मी चोवीस वर्षांची आहे, तरी घरातून निघताना ती माझी ओढणी सारखी करते.

आमच्या घरात, आणि मी बघितलेल्या बहुतेक घरांत, मूल बसायला लागलं की त्याचे कार्यक्रम सुरू होतात. पाहुणे आले, जय जय कर. पाहुणे निघाले, टाटा कर. चिमणी कशी उडते, दाखव. मुलाने केलं नाही तर कोणीतरी त्याचे हात धरून करून देतं, सगळे शाब्बास म्हणतात आणि कार्यक्रम पार पडतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. जुईचे सगळे कार्यक्रम आईच्या हातांनी होत होते आणि आम्ही सगळे समजत होतो की जुई करते.

पहिली शंका वहिनीला आली. जुई तेव्हा चौदा महिन्यांची होती. “ही माझ्या हातातल्या वाटीकडे बघते, माझ्याकडे नाही,” ती एकदा म्हणाली. आई लगेच म्हणाली, “तुना नवराबी चार वरीसना व्हयना तवय बोलना. आते तोंड बंद व्हस का त्यानं?” सगळे हसले. दादाही हसला. विषय संपला.

अठरा महिन्यांच्या लसीच्या वेळी आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. दादा दौऱ्यावर होता. आई, वहिनी, जुई आणि मी. त्या डॉक्टरांकडे एक स्क्रीनिंगचा फॉर्म होता. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. त्यातून आजार ठरत नाही. कोणत्या मुलाची नीट तपासणी करायला हवी एवढंच कळतं. फॉर्म इंग्रजीत होता. सिस्टरने बाकावरच्या चौघींकडे बघितलं आणि तो माझ्या हातात दिला. “ताई, इंग्रजी येतं ना? पटापट भरा. मागे लाइन आहे.”

मी एकेक प्रश्न वाचून मराठीत सांगत होते. नावाने हाक मारली की मूल बघतं का? आईने “जुई” म्हणून हाक मारली आणि तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. “देख, देखस ना.” मी ‘होय’वर खूण केली. मोठ्यांचं पाहून मूल तशी कृती करतं का? आईने जुईचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवल्या, मग जय जय केलं, मग टाटा केला.

“आपलं आपण नाही करत, ताई,” वहिनी हळूच म्हणाली.

“काय नई करस? आते करं ना तिनी!” आईचा आवाज चढला. बाकावरच्या बायका बघायला लागल्या. एक जण हसलीही. मला लोक बघायला लागले की फक्त तिथून सुटावंसं वाटतं. डॉक्टरांना आत जाऊन विचारता आलं असतं, की हात धरून केलेलं धरायचं का? एक वाक्य होतं. ते मला इंग्रजीत येत होतं, मराठीत येत होतं. मी विचारलं नाही. वहिनीचं मला स्पष्ट ऐकू आलं होतं आणि मी ‘होय’वर खूण केली.

डॉक्टरांनी खुणा मोजल्या. “यावरून तरी काळजीचं दिसत नाही. पण शंका आली तर थांबू नका, लगेच या.” आम्ही पहिलं वाक्य घेऊन घरी आलो.

पुढचे महिने आठवले की माझं डोकं अजून तापतं. जुई दोन वर्षांची झाली, एक शब्द नाही. मग प्रत्येकाकडे एक उपाय निघाला. मोबाईल बंद करा. केला. तिच्यासमोर तीन भाषा बोलता म्हणून गोंधळते, आजी अहिराणी, आई मराठी, आत्या इंग्रजी. म्हणून मी तिच्याशी इंग्रजी बोलणं बंद केलं आणि माझा स्वभाव असा की त्याबरोबर बाकीचं बोलणंही कमी झालं. शेजारच्या अक्कांनी सोनगीरहून, भावाच्या शेतातून, पोपटाने चोचलेला पेरू आणला. तो खाल्ला की मूल बोलतं म्हणे. जुई ओली, मऊ वस्तू तोंडात घेत नाही. तिने तो थुंकला. अक्का म्हणाल्या, “थुंकना ते वाया गया.” दोन दिवसांनी दुसरा पेरू आला. पोपटांचं पोट भरत होतं, एवढाच त्या उपायाचा उपयोग.

मग कानाचे डॉक्टर. त्यांनी बेरा टेस्ट सांगितली. या तपासणीत मूल झोपलेलं असताना कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे डोक्याला लावलेल्या तारांवरून बघतात. अट एकच, मूल गाढ झोपलेलं हवं. पहिल्यांदा जुईला पहाटेपासून जागं ठेवलं, औषध दिलं, ती झोपली नाही. दुसऱ्यांदा झोपली, तार लावताच उठली. तिसऱ्यांदा झोपली, तारा लागल्या, आणि वीज गेली. मी तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून एकटीच हसायला लागले. सिस्टरने मला पाणी आणून दिलं.

चौथ्यांदा झाली. ऐकू उत्तम येतं. आईने पेढे वाटले. वहिनीने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. “ऐकू येतं, तरी बघत नाही,” ती म्हणाली. “मग हे चांगलं कसं?”

दादाने पहिल्यांदाच तिला परत विचारलं, “काय म्हणालीस?” तिने परत सांगितलं. या वेळी पूर्ण, गेल्या वर्षभराचं. दादा ऐकत राहिला. पेढा तिच्या मुठीत चेपत गेला. दुसऱ्या दिवशी दादाने सुट्टी टाकली, लसीच्या डॉक्टरांकडे एकटा गेला आणि जळगावच्या मॅडमचा पत्ता घेऊन आला.

निदानाच्या दिवशी परत येताना एसटीत आई आणि दादा पुढे बसले, वहिनी आणि मी मागे. जुई वहिनीच्या मांडीवर खिडकीची रबरी पट्टी सोलत होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं.

“ताई, मी म्हटलं होतं,” वहिनी म्हणाली.

“हो. मला ऐकू आलं होतं.”

मला वाटलं, ती आता रडेल किंवा रागवेल. तिने जुईला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. “मग आता तरी ऐकत जा,” ती म्हणाली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

त्यानंतर आमचे गुरुवार सुरू झाले. दर गुरुवारी धुळे ते जळगाव, तिथे एक तासाची थेरपी, परत धुळे. एका तासासाठी अख्खा दिवस. आई कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा बांधून घेते. मी लॅपटॉप घेते आणि तो कधी उघडत नाही. वेटिंग रूममध्ये आपला नंबर कधी लागेल हे कोणी सांगत नाही. विचारलं तर “बसा, बोलावतो.” मी इतके तास त्या खुर्च्यांवर काढलेत की कोणती खुर्ची डगमगते ते मला पाठ आहे.

पहिल्या गुरुवारी शेजारी रावेरकडचे एक आबा नातवाला घेऊन बसले होते. नातू दाराची कडी लावत होता, काढत होता, लावत होता.

“अक्का, काय झालं नातीले?” त्यांनी आईला विचारलं.

“सर्दी शे,” आई म्हणाली.

बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी होती की इथे कोणत्या मुलांवर उपचार होतात. आबांनी पाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं. “आमच्या नातवालेबी सर्दीच हाये अक्का,” ते म्हणाले. “दोन वरसं झाले, जातच नाही.”

आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती. निदानानंतर पहिल्यांदा.

थेरपी देणारी तृप्ती माझ्याच वयाची आहे. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे मुलाला रोजच्या कृती, खेळ, हातांची कामं शिकवणं. तिने पहिल्याच दिवशी मोटर इमिटेशन म्हणजे काय ते समजावलं. दुसऱ्याच्या हातापायांची हालचाल बघून तशीच करणं. टाळी, टाटा, पोळी लाटल्यासारखं करणं. बहुतेक मुलं हे कोणी न शिकवता उचलतात. आणि मूल ज्याला बघून करतं, त्याच्याकडे ते बघत असतं. पुढे बोलणंही त्याच वाटेने येतं. जुईच्या बाबतीत ही वाट आपल्याला हाताने बांधावी लागेल.

“हाताने म्हणजे तिचे हात धरून नाही,” तिने आईकडे बघून सांगितलं. “काही गोष्टी हात धरून शिकवू, पण ते कधी आणि किती, ते मी सांगेन. आधी आपण तिची नक्कल करायची.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण तेच होतं. जुई जे करेल ते तसंच्या तसं करायचं. ती डब्याचं झाकण फिरवत असेल तर आपणही दुसरं झाकण फिरवायचं. ती जमिनीवर गाल टेकवून फरशीची रेघ बघत असेल तर आपणही गाल टेकवायचा. आपलं कोणीतरी बघतंय, आपल्यासारखं करतंय, हे आधी तिच्या लक्षात यायला हवं.

ज्या मुलीने लोक बघतील म्हणून एक प्रश्न विचारला नाही, तिच्या नशिबी हे आलं. थेरपीच्या खोलीला काचेचं दार आहे. दारापलीकडे आठ-दहा पालक बसलेले. मी पालथी पडून, गाल फरशीला लावून, स्टीलचं झाकण गरगर फिरवत होते. वहिनीला हे चटकन जमलं. मला घाम फुटला. घरी आल्यावर रोज तीन वेळा तेच. आई दारात उभी राहून म्हणायची, “एक पोरगी येडी शे का नई ते डॉक्टरले इचारं. आते दुसरीले लई जावं लागी.”

अकराव्या दिवशी जुईने फिरणारं झाकण हाताने थांबवलं. मीही थांबवलं. तिने माझ्या झाकणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. एक क्षणही नसेल. मग परत झाकण फिरवलं आणि मीही फिरवलं. मी त्या दिवशी काम केलं नाही. लॅपटॉपसमोर नुसती बसून होते.

तृप्तीने एक तक्ता दिला होता. डाव्या बाजूला कृतींची यादी: टाळी, टाटा, थाप, डोक्यावर हात, नमस्कार. पुढे तीन रकाने: बघितलं, मदतीने केलं, स्वतःहून केलं. तो आम्ही फ्रिजवर लावला. पहिल्या रकान्यात हळूहळू खुणा दिसायला लागल्या. तिसरा रकाना आठवड्यामागून आठवडे कोरा. रोज पाणी घ्यायला गेलं की तो कोरा रकाना.

एका गुरुवारी, आम्ही सोबत नेलेला तक्ता बघून तृप्ती खुर्चीवरून उठलीच. “नमस्कार स्वतःहून? कधी?” मला आणि वहिनीला काहीच माहीत नव्हतं. आम्ही दोघी आईकडे वळलो.

“मी हात नई धरा,” आई म्हणाली. “कोपर धरं.”

तृप्ती हसली. मी हसू शकले नाही. बसस्टँडवर मी आईला ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, तेही लोकांसमोर, फलाटावर. तू हे बंद कर, म्हटलं. तुझ्या हातांनी तेरा महिने गेले, म्हटलं. माझ्या ‘होय’च्या खुणेचा दोष मी तिच्या हातांवर टाकत होते, हे बोलतानाच कळत होतं, तरी थांबले नाही.

आई खाली बघत होती. जुईच्या चपलेचा बंद सुटला होता. तिचा हात तिकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

“तिले जमनं नई, ते लोके काय म्हनतीन तिले?” ती म्हणाली. “म्हनून धरस मी हात.”

लोक काय म्हणतील म्हणून तिने हात धरले. लोक काय म्हणतील म्हणून मी खूण केली. आमचं घरच तसं.

दुसऱ्या दिवसापासून आईने स्वतःच सुरू केलं. जुईची कोणतीही कृती घ्यायची वेळ आली की ती दोन पावलं मागे सरकते आणि हात पाठीमागे बांधते. नुसते बांधत नाही, एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरते, जणू कोणी सुटायला बघतोय. चपला घालताना, जेवताना, कोणी यायच्या-जायच्या वेळी. जुई चप्पल उलटी घालून पाच मिनिटं उभी राहते आणि आई मागे हात धरून पाच मिनिटं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत राहते. तिच्यासाठी हे किती कठीण आहे ते मी बघितलं आहे. माझ्या फरशीवर लोळण्यापेक्षा कठीण.

ज्यांच्या घरात असं लहान मूल आहे आणि मनात शंका आहे, त्यांना मला थोडंच सांगायचं आहे. फॉर्म दवाखान्याच्या बाकावर भरू नका. तो घरी न्यायला मागा, दोन दिवस मुलाला हात न लावता बघा, मग भरा. हात धरून, हनुवटी वळवून, तिसऱ्यांदा ओरडून झालेलं ‘होय’मध्ये धरू नका. प्रश्न कळला नाही तर विचारा. मागे लाइन असते, ती नेहमीच असते. आणि मुलाची आई हळू आवाजात काही सांगत असेल तर बाकी सगळ्यांनी गप्प बसा. निदानाला आम्ही इतके घाबरत होतो, पण ते झाल्यावर जुई तीच होती. तीच झाकणं, तेच फरशीवर गाल टेकवणं. फक्त आम्हाला काय करायचं ते कळलं. त्या मॅडमचे आणि तृप्तीचे माझ्यावर फार उपकार आहेत, कारण दोघींनी एकदाही विचारलं नाही की एवढं शिकून हा फॉर्म असा कसा भरलास.

आता सांगायचं ते गेल्या सोमवारचं.

संध्याकाळी आईने देवापुढे दिवा लावला. ही जुईच्या नमस्काराची वेळ. आधी या वेळी आई तिचे हात जोडून द्यायची. आता आई स्वतः एकदा हात जोडते, मग ते मागे बांधून बाजूला उभी राहते आणि आम्ही थांबतो. जुई दिव्याकडे बघते, थोड्या वेळाने कंटाळून निघून जाते. वहिनी तक्त्यावर काही न लिहिता स्वयंपाकाला लागते. तीन महिने हेच चाललं होतं.

सोमवारी जुई दिव्याकडे बघत होती. मग तिने मान वळवली. आईच्या पायाकडे बघितलं, मग वर, कोपराकडे. एक पाऊल बाजूला सरकून तिने आईच्या पाठीमागे वाकून बघितलं. तिथे आईने मनगट आवळून धरलेलं. जुई परत जागेवर आली. तिने स्वतःचे दोन्ही हात मागे नेले. एक हात दुसऱ्याला सापडत नव्हता. तो चाचपडला, फ्रॉकमध्ये अडकला, मग सापडला. तिने मनगट धरलं. आणि आजीसारखी उभी राहिली, पोट थोडं पुढे काढून.

कोणी शाब्बास म्हणालं नाही. वहिनीच्या हातात पिठाचं भांडं होतं, ते तिने फार हळू खाली ठेवलं आणि हात मागे नेले. मग मीही नेले.

“देवनापुढे हात मांगे,” आई पुटपुटली. पण तिने हात सोडले नाहीत. जुई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. आम्ही चौघी तशाच उभ्या.

थोड्या वेळाने जुईने हात सोडले आणि ती झाकणांकडे गेली. आम्ही तिघी फ्रिजपाशी आलो. सवयीने पेन मी काढलं होतं. ते मी वहिनीला दिलं.

“हे यादीत नाही, ताई,” ती म्हणाली. “लिहू का?”

“लिहा.”

तिने यादीच्या खाली मोकळ्या जागेत, पिठाच्या बोटांनी, हळूहळू लिहिलं: हात मागे. पहिल्या रकान्यात खूण केली. दुसरा सोडला. तिसऱ्यावर पेन टेकवून ती थांबली आणि तिने आईकडे बघितलं.

आईचे हात अजून मागेच होते. “मी कोपरबी नई धरं,” ती म्हणाली.

वहिनीने खूण केली.